नागपुरात लोकप्रशासनात एमए करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीचे रिझल्ट लागले की मला तेच तेच प्रश्न येणं सुरू होतं, काहींचे मेसेज तर मध्यरात्री, "ताई पब ॲड घेऊ का" एवढंच, पुढं ना नाव ना गाव. म्हणून एकदाच सगळं इथं लिहून टाकून राहिली. मी नागपुरातूनच लोकप्रशासनात (पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन, तेच पब ॲड) एमए केलं, सध्या ग्रामविकासाच्या एका योजनेत कंत्राटी काम करते. फी, तारखा, सीटा दरवर्षी बदलतात म्हणून त्या इथं देत नाही, त्या विद्यापीठाच्या साइटवर बघायच्या.

एमए पब ॲड केलं की अधिकारी होता येतं ना?

नाही. हे सगळ्यात आधी डोक्यातून काढून टाका. यूपीएससी असो की एमपीएससी राज्यसेवा, कुठल्याही शाखेची पदवी चालते, बीएससी चालते, बीई चालते, मुक्त विद्यापीठाचं बीए पण चालते. एमएला तिथं एक मार्कही जास्तीचा नाही. घरी आईबाबांना "कलेक्टरचा कोर्स" म्हणून सांगून ॲडमिशन घेतलेली पोरं मी पाहिली, दोन वर्षांनी तेच आईबाबा विचारतात की मग झाला का कलेक्टर, तेव्हा उत्तर काय देणार.

मग करायचं काहून?

कारण सरकार आतून कसं चालतं हे शिकवणारी दुसरी डिग्री नाही. फाइल कुणाच्या टेबलावर अडते आणि का अडते, ग्रामसभेचा ठराव झाला तरी काम का होत नाही, बजेटमध्ये पैसा मंजूर होऊनही मार्च संपता संपता घाईघाईत का खर्च होतो, हे सगळं बातमीत तुकड्यातुकड्यानं येतं आणि इथं ते एका धाग्यात बसतं. पण त्यासाठी एक अट आहे, पुस्तकासोबत ऑफिस पण वाचायला पाहिजे. ज्यानं दोन वर्षांत एकदाही पंचायत समितीत जाऊन बसून पाहिलं नाही, एखादा जीआर (शासन निर्णय) पूर्ण वाचला नाही, महापालिकेचं बजेट उघडलं नाही, त्याच्यासाठी ही डिग्री म्हणजे नोट्स पाठ करायचा कार्यक्रम आहे, आणि तसं असेल तर खरंच नका करू, वेळ घालवू नका. ज्याला ही खाज आहे त्याला मात्र नागपूरसारखं गाव नाही.

नागपुरातच का? पुण्याला जाऊ का?

पुण्याला जा की, वाईट काहीच नाही, अधिकाऱ्यांना ट्रेनिंग देणारी यशदा तिथं आहे, क्लास तिथं आहेत. पण खोलीभाडं आणि मेसचा खर्च बघून घ्या आणि मग नागपूरची बाजू पण ऐका.

नागपूर विद्यापीठ १९२३ चं, तेव्हा हे शहर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होतं. (राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव २००५ मध्ये लागलं.) लोकप्रशासन आणि स्थानिक स्वशासन हा वेगळा विभाग इथं १९५० च्या आसपासच सुरू झाला, एम. पी. शर्मा त्याचे पहिले प्रमुख, आणि देशात या विषयाचा स्वतंत्र पूर्ण विभाग असलेली सुरुवातीची जी विद्यापीठं आहेत त्यात नागपूरचं नाव पहिल्यांदा घेतात. तेव्हा दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था पण नव्हती, ती १९५४ ची. त्याच काळात या प्रांतात द्वारकाप्रसाद मिश्रांच्या पुढाकारानं १९४८ च्या कायद्याखाली जनपद योजना चालू होती, म्हणजे तहसील पातळीवर जनपद सभा नेमून कारभार तिच्या हाती द्यायचा, देशाला पंचायत राज सुचवणारी बलवंतराय मेहता समिती यायच्या कितीतरी आधी. आता ही गोष्ट आपल्याच पोरांना माहीत नसते, परीक्षेत सगळे पंचायत राज जिथं पहिल्यांदा सुरू झालं त्या राजस्थानच्या नागौरपासून सुरुवात करतात, मला याचं जाम वाईट वाटते.

दुसरं म्हणजे सिव्हिल लाइन्स. विधानभवन, विभागीय आयुक्त कार्यालय, कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, महापालिकेचं मुख्यालय, सगळं चालत फिरता येईल एवढ्या अंतरात. १९५३ च्या नागपूर करारामुळं वर्षातून एक अधिवेशन इथं व्हायला पाहिजे, म्हणून डिसेंबरात अख्खं मंत्रालय उठून इकडं येते. शिवाय माहिती आयोगाचं खंडपीठ आहे, मॅटचं (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) खंडपीठ आहे, लोकसेवा हक्क आयुक्तांचं ऑफिस आहे. एमपीएससीतून निवडलेल्या नव्या अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग वनामती या प्रशिक्षण संस्थेत होते, आयकरवाल्या आयआरएस अधिकाऱ्यांचं छिंदवाडा रोडच्या राष्ट्रीय अकादमीत. अभ्यासाचा विषय दारात येऊन बसलाय आणि आपण अभ्यासिकेत बसून फोटोकॉपी वाचून राहिलो.

पात्रता काय लागते? माझं बीकॉम आहे, चालेल का?

चालते. कुठल्याही शाखेची पदवी असली की अर्ज करता येतो, इंजिनियर पण येतात, फार्मसीवाले पण येतात. बीएला विषय घेतला होता त्यांना पहिलं सेमिस्टर जरा सोपं जाते एवढाच फरक, दिवाळीपर्यंत सगळे सारखेच होतात.

नव्या शैक्षणिक धोरणात एमए एका वर्षाचं झालं म्हणतात, खरं का?

चार वर्षांची ऑनर्स किंवा रिसर्चवाली पदवी केली असेल तर एक वर्ष. तीन वर्षांची पदवी असेल तर आधीसारखंच दोन वर्षं, चार सेमिस्टर. दोन वर्षांच्या कोर्समध्ये पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडायचं ठरवलं तर पीजी डिप्लोमा मिळतो. आता रिसर्च मेथडॉलॉजी, ऑन जॉब ट्रेनिंग आणि रिसर्च प्रोजेक्ट हे क्रेडिटमध्येच धरलेले आहेत, आधी हे काही ठिकाणी ऐच्छिक किंवा नावापुरतं असायचं. ऑन जॉब ट्रेनिंगला कुठं जायचं हे शेवटच्या आठवड्यात शोधू नका, मैत्रिणीच्या मामाच्या दुकानाचा शिक्का आणून दिला तर क्रेडिट मिळतील पण हाती काही लागणार नाही. ग्रामपंचायत, महापालिकेचं झोन ऑफिस, एखादी चांगली स्वयंसेवी संस्था, यांना आधीच विभागाचं पत्र देऊन ठेवा.

रेग्युलर करू, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून करू की इग्नूतून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं एकच उत्तर नाही, तुमच्याकडं दिवसाचे किती तास रिकामे आहेत त्यावर आहे.

वेळ असेल तर रेग्युलर. अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये जायचं, नाहीतर शहरातल्या ज्या कॉलेजात हा विषय पीजीला आहे तिथं. फायदा लेक्चरपेक्षा लायब्ररीचा आणि सोबतीचा जास्त, वर्गात गोंदियाचा पोरगा असतो, गडचिरोलीची पोरगी असते, एखादा पोलीस शिपाई असतो, ग्रामपंचायतीत सदस्य असलेली बाई असते, आणि यांच्या बोलण्यातून जे कळते ते कुठल्याच पुस्तकात नाही.

इग्नूचा एमपीए (त्यांचा लोकप्रशासनाचा पीजी कोर्स) घरबसल्या होते. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार, प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत, परीक्षा जून आणि डिसेंबरात, असाइनमेंटला ३० टक्के वजन आणि लेखी परीक्षेला ७०. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. त्यांची पुस्तकं मात्र एक नंबर आहेत, रेग्युलरवाल्यांनी पण वाचावी अशी, आणि ई-ज्ञानकोश या त्यांच्या साइटवर फुकट पडली आहेत, कुठल्याही महागड्या नोट्सपेक्षा बरी. मराठीतच शिकायचं असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ, त्यांची अभ्यास केंद्रं विदर्भात भरपूर आहेत.

डिग्री म्हणून तिन्ही सारख्याच, यूजीसीची मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी रेग्युलरच्या बरोबरीचीच धरतात. लोक "मुक्तचं आहे" म्हणून नाक मुरडतात, मुरडू द्या. आणि २०२२ पासून यूजीसीनं दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, म्हणजे एक रेग्युलर आणि दुसरी दूरशिक्षणातून असं करता येते, एलएलबी रेग्युलर आणि सोबत इग्नूचा एमपीए ही जोडी मला फार आवडते, कारण प्रशासकीय कायदा दोन्हीकडं लागते.

काय काय शिकवतात? फार बोअर आहे म्हणे.

पहिलं सेमिस्टर बोअर होऊ शकते, खोटं काहून बोलू. विचारवंत सुरू होतात. वुड्रो विल्सनचा १८८७ चा निबंध, जिथून हा विषय सुरू झाला असं सगळीकडं छापलेलं असते (हाच माणूस पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला), मग टेलर, मग फेयॉलची १४ तत्त्वं, मॅक्स वेबरची नोकरशाही, गुलिक आणि उर्विकचं १९३७ चं पोस्डकॉर्ब (प्रशासकाच्या सात कामांची आद्याक्षरं), एल्टन मेयोचे हॉथॉर्न प्रयोग. ही सगळी पाठ करण्यात पोरं जीव काढतात. पण जरा थांबून वाचलं तर गंमत आहे. वेबर म्हणतो की नियमानं चालणारी, लेखी नोंदी ठेवणारी, माणूस न बघता काम करणारी यंत्रणा सगळ्यात कार्यक्षम, आणि आपण तहसीलमध्ये दाखला काढायला गेलो की नेमकं तेच आडवं येते, नियम आहे, नोंद आहे, फक्त साहेब मीटिंगला गेलेत. ते काहून होते हे रॉबर्ट मर्टननं सांगितलंय, नियम हे साधन असते ते हळूहळू साध्य होऊन बसते. हर्बर्ट सायमन सांगतो की माणूस पूर्ण विचार करून सगळ्यात बेस्ट निर्णय घेत नाही, चालून जाईल असा निर्णय घेतो कारण वेळ, माहिती, डोकं सगळंच मर्यादित, आणि या विचाराच्या माणसाला १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. फ्रेड रिग्ज तर आपल्यासारख्या देशांबद्दलच लिहितो, कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक, नियम आधुनिक आणि कामं ओळखीनं. रिग्ज वाचताना मला वाटायचं हा माणूस आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत बसून गेलाय की काय.

दुसऱ्या वर्षाकडं भारतीय प्रशासन, स्थानिक स्वराज्य, वित्तीय प्रशासन, कर्मचारी प्रशासन, सार्वजनिक धोरण असे पेपर येतात, नावं आणि क्रम तुमच्या विद्यापीठाच्या सिलॅबसमध्ये बघा. महाराष्ट्राचा भाग नीट करा. वसंतराव नाईक समिती, त्यावरून १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अधिनियम, १ मे १९६२ पासून अंमल. नाईक पुसदचे, म्हणजे आपल्याच भागातले. मेहता समितीनं गटपातळीवरच्या पंचायत समितीला वजन दिलं होतं आणि नाईक समितीनं जिल्हा परिषदेला, हा फरक का पडला हे ज्याला दोन पानांत लिहिता येते त्याचा स्थानिक स्वराज्याचा पेपर झाला असं समजा.

मराठीत पेपर लिहिला तर चालते का? मार्क कमी देतात का?

चालते. मार्क कमी मिळतात ते भाषेमुळं नाही तर मराठी नोट्स जुन्या असतात म्हणून, २००५ नंतर काही घडलंच नाही अशा थाटात लिहिलेल्या. वाचा इंग्रजीत पण, लिहा ज्यात हात चालतो त्यात. संज्ञा लिहिताना मराठी शब्द जड वाटला तर रुळलेला इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहिला तरी तपासणाऱ्याला कळते, उगाच कोशातून शोधून असा शब्द टाकू नका जो तुम्हालाच उद्या आठवणार नाही.

यूपीएससी, एमपीएससीला हाच ऑप्शनल घेऊ का?

एमए करत असाल तर विचार करायला हरकत नाही. यूपीएससीत दोन पेपर, २५० मार्कांचा एक, पहिला सिद्धांतांचा आणि दुसरा भारतीय प्रशासनाचा. एकेकाळी अर्धी दिल्ली पब ॲड घ्यायची. मग २०१३ पासून दोनऐवजी एकच ऑप्शनल झाला, पेपर पण फिरवून फिरवून यायला लागले आणि गर्दी दुसऱ्या विषयांकडं गेली. पण त्याच बदलात सामान्य अध्ययनात गव्हर्नन्स आणि एथिक्सचे पेपर आले, त्यामुळं पब ॲड वाचलेलं तिथं कामी येते, निबंधात पण येते.

एमपीएससीचं आता वेगळं झालंय. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, यूपीएससीच्या धर्तीवर, निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि ऑप्शनलचे दोन, मुलाखत २७५ ची, सगळं मिळून २०२५ मार्क. म्हणजे जी पोरं वर्षानुवर्षं गोळे रंगवत होती त्यांना आता लिहायचंय. आणि एमएत दोन वर्षं तुम्ही तेच तर करता, तीन तास बसून लांब उत्तरं लिहायची. ही प्रॅक्टिस फुकट मिळून राहिली आहे, ती कुठलाच क्लास मोजत नाही.

एक मात्र आहे, एमएचं उत्तर आणि ऑप्शनलचं उत्तर वेगळं असते. विद्यापीठात व्याख्या, वैशिष्ट्ये, गुण, दोष असं लिहिलं की पास होता येते. तिकडं प्रश्नात एखादं विधान देऊन तुमचं मत विचारतात, आणि तिथं उदाहरण लागते, ताजं आणि इथलं. त्यासाठी दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचे रिपोर्ट वाचा, वीरप्पा मोईलींच्या अध्यक्षतेखाली २००५ ते २००९ मध्ये १५ रिपोर्ट आले, त्यातला चौथा नीतिमत्तेवर, सहावा स्थानिक शासनावर, बारावा नागरिककेंद्री प्रशासनावर. एवढे तीन नीट वाचले तरी पुष्कळ.

रिसर्च प्रोजेक्टला विषय सुचत नाही, ताई एखादा सांगा ना.

एखादा काहून, ढीगभर सांगते. फक्त ते "पंचायत राजमध्ये महिलांची भूमिका: एक अभ्यास" हे आता बंद करा, त्या विषयाची पुडकी लायब्ररीत मावत नाहीत. विषय महत्त्वाचाच आहे पण मग एक तालुका घ्या, एक प्रश्न घ्या, सरपंच बाई आहे तिथं चेकवर सही कोण करते आणि आधी निर्णय कोण घेते, असं काही.

नागपूर शहरच घ्या. १९३६ च्या कायद्यानं सुधार प्रन्यास आला, महापालिका १९५१ ची, आणि शहराचं नियोजन नक्की कोणाचं, यावर इतकी वर्षं ओढाताण. एका गल्लीचा रस्ता प्रन्यासचा, पुढच्या गल्लीचा मनपाचा, आणि खड्डा मात्र दोघांचाही नाही. आता शहराबाहेरच्या पट्ट्यात एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) पण आहे. लेआउट नियमित करायला, आरएलसाठी (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) लोक कोणत्या ऑफिसात किती हेलपाटे मारतात यावर एका वस्तीत पन्नास घरांचा सर्वे करा, तुमचा प्रोजेक्ट उभा राहिला. अधिकारक्षेत्र एकमेकांत घुसणं हा लोकप्रशासनाचा अगदी पुस्तकी प्रश्न आहे आणि तो तुमच्या घरासमोर आहे.

पाणी घ्या. २०१२ पासून शहराचा पाणीपुरवठा खाजगी भागीदारीतून चालतो, २५ वर्षांचा करार आहे, चोवीस तास पाणी हे उद्दिष्ट. ज्या भागात आलं आणि ज्या भागात नाही आलं तिथली बिलं आणि तक्रारी ताडून बघा. यावर लोकांची मतं इतकी टोकाची आहेत की तुम्हाला दोन्ही बाजूंनी शिव्या बसतील, म्हणजे विषय चांगला आहे.

महापालिकेतलं प्रशासकराज घ्या. घटनेचं कलम २४३ यू म्हणते की मुदत संपायच्या आधी निवडणूक झाली पाहिजे. नागपूर मनपाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि ओबीसी आरक्षण, प्रभागरचना या वादात निवडणूक कितीतरी वर्षं लांबली, कारभार आयुक्तांच्याच हाती. त्या काळात नगरसेवक नाही तर गटाराची तक्रार घेऊन लोक कुठं गेले? झोनच्या तक्रारवहीत, ऑनलाइन ॲपवर, की माजी नगरसेवकाच्याच घरी? चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीवर दहा मार्कांचं उत्तर लिहिण्यापेक्षा हे शोधायला जास्त मजा आहे.

गडचिरोलीकडचे असाल तर तुमच्यासाठी सोनं आहे. मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, बांबूचा कारभार ग्रामसभेनं केला, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा), वनहक्क कायदा, ग्रामसभेचा कोष, याच्यावर पीएचडी होतात, पण मेंढ्यालाच जायची गरज नाही, शेजारच्या ज्या गावाला ते जमलं नाही त्याचा अभ्यास करा, तो कुणीच करत नाही.

ऑफिसवाले माहिती देत नाहीत, आकडे कुठून आणायचे?

आधी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन जा, आणि साहेबांकडं नाही तर आधी बाबूकडं जा, आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाला जेवढं माहीत असते तेवढं कुणालाच नसते. महिनाअखेर, मार्च, आणि डिसेंबरात अधिवेशन चालू असताना जाऊ नका, तेव्हा तारांकित प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात सगळे बुडालेले असतात, तुमच्याकडं बघणार पण नाहीत.

माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, साधा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यायला पाहिजे. पण त्याआधी कलम ४(१)(ख) वाचा, त्यात प्रत्येक ऑफिसनं स्वतःहून जाहीर करायचे १७ मुद्दे दिले आहेत, कोणाचे अधिकार काय, बजेट किती, निर्णय कसा होतो. पुष्कळदा ते साइटवर पडलेलं असते, जुनं असते पण असते. आणि ते जुनंच का राहिलं हा पण एक प्रोजेक्ट आहे हं. जीआर सगळे शासनाच्या साइटवर फुकट मिळतात. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, त्यात कोणती सेवा किती दिवसांत हे ठरलेलं आहे, आपले सरकार पोर्टलवर बघा आणि मग सेतूच्या लाइनीत उभं राहून प्रत्यक्ष किती दिवस लागतात ते मोजा.

स्कॉलरशिप काय काय आहे?

महाडीबीटीवर फॉर्म भरायचा. एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटीला पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप, उत्पन्नाच्या मर्यादेप्रमाणे. ओपनमधल्या कमी उत्पन्नवाल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना. राहायच्या खर्चासाठी हॉस्टेल नाही मिळालं तर एससी विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे, नागपूरसारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम, ओबीसींना सावित्रीबाई फुले आधार योजना. नागपूरबाहेरून येणाऱ्यांना यातलं निम्मं माहीतच नसते आणि तारीख निघून जाते. बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या संस्था स्पर्धा परीक्षेच्या ट्रेनिंगसाठी आणि पीएचडी फेलोशिपसाठी, त्यातल्या महाज्योतीचं मुख्य ऑफिस नागपुरातच आहे, शंका असेल तर फोनवर वाद घालण्यापेक्षा जाऊन या.

आधार बँकेला लिंक आहे का ते फॉर्मच्या आधी बघा. पैसे अडकायचं सगळ्यात मोठं कारण तेच.

कागदपत्रं?

टीसी, सगळ्या मार्कलिस्ट, जात प्रमाणपत्र आणि व्हॅलिडिटी, नॉन क्रिमिलेअर त्याच आर्थिक वर्षात चालणारं, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, मध्ये गॅप असेल तर गॅपचं शपथपत्र, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन. आणि एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात तो ऑनलाइन खाते क्रमांक) काढून ठेवा. सगळ्याच्या झेरॉक्स तीन-तीन.

नोकरी लागते का? खरं खरं सांगा.

"एमए लोकप्रशासन पाहिजे" अशी जाहिरात वर्षात एखादी दिसली तर नशीब. कॅम्पस प्लेसमेंट विसरा. पण "कोणत्याही शाखेचा पदव्युत्तर, सामाजिक शास्त्राला प्राधान्य" अशा जाहिराती निघत राहतात, उमेद अभियान, पाणी-स्वच्छता, आरोग्य, जिल्हा परिषदेतले सल्लागार, बहुतेक कंत्राटी, ११ महिन्यांची ऑर्डर, मानधन कधी वेळेवर कधी तीन महिन्यांनी एकदम. मी त्यातच आहे, सांगते ते अनुभवानं. तिथं डिग्रीपेक्षा तुम्हाला एक्सेल येते का, मराठीत नीट टिपणी लिहिता येते का, आणि जीआर वाचून त्याचा अर्थ सांगता येतो का हे बघतात. शेवटच्या दोन गोष्टी एमएत शिकता येतात, शिकल्या तर.

मुख्यमंत्री फेलोशिप पण लक्षात ठेवा, २०१५ मध्ये सुरू झाली, तरुण पोरांना सरकारसोबत काम करायला मिळते, तिची जाहिरात आली की वय आणि अनुभवाच्या अटी नीट वाचा, एमए संपेपर्यंत वय निघून गेलं असं होऊ देऊ नका.

प्राध्यापक व्हायचंय.

एमएला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट किंवा सेट या पात्रता परीक्षांपैकी एक. नेटमध्ये लोकप्रशासन हा स्वतंत्र विषय आहे, कोड १४, पेपर इंग्रजी-हिंदीत. सेट पुणे विद्यापीठ घेते, तो मराठीतूनही देता येते. नेटमधून जेआरएफ (रिसर्च फेलोशिप) निघाली तर महिन्याला ३७ हजार, म्हणजे घरच्यांची तोंडं बंद. पण पुढं कायम जागा कमी निघतात आणि बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर होते, सीएचबीवर, जेवढे तास घेतले तेवढे पैसे, सुट्ट्यांत काही नाही. पेट्रोलचा हिशोब करून मगच स्वप्न पाहा.

मी आधीच सरकारी नोकरीत आहे, फायदा होईल का?

खरं सांगू का, सगळ्यात जास्त फायदा तुम्हालाच. ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी, पोलीस, शिक्षक, क्लार्क, ज्यांनी आधी काम केलंय त्यांना थिअरी वाचताना "अरे हे तर आमच्या साहेबाचंच वर्णन" असं होते. ऑफिसची लेखी परवानगी आधी घ्या आणि सेवापुस्तकात नोंद करून घ्या. मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू घ्या, रेग्युलरला हजेरी जमणार नाही. ज्यांना फक्त स्थानिक संस्थांचंच काम शिकायचंय त्यांनी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा एलएसजीडी (स्थानिक स्वशासनाचा) डिप्लोमा पण बघावा, नगरपालिकेत त्याला किंमत आहे.

राज्यशास्त्र घेऊ, एमबीए करू की पब्लिक पॉलिसी?

राज्यशास्त्रात सत्ता कोणाकडं आणि का, इथं ती रोज वापरतात कशी. सेट-नेटच्या जागा बघितल्या तर राज्यशास्त्राला कॉलेजं जास्त, हे व्यवहाराचं बोलली. पब्लिक पॉलिसीचे कोर्स मोठ्या शहरांत, फी लाखांत, आकडेवारी आणि अर्थशास्त्र भरपूर, आणि त्यांचं प्लेसमेंट पण बरं असते, पैसा किंवा स्कॉलरशिप असेल तर जरूर जा. एमबीए वेगळी दुनिया आहे, त्यावर मी बोलणार नाही.

बाहेरून येऊन राहायचं कुठं?

विद्यापीठाचं हॉस्टेल मिळालं तर बेस्ट, लिस्ट लवकर लागते. नाहीतर रविनगर, भरतनगर, रामनगर, धरमपेठच्या आतल्या गल्ल्या, कॅम्पस जवळ पडतो. नंदनवन, महाल स्वस्त पण 'आपली बस' ही सिटी बस पकडून बर्डीवर (सीताबर्डी) उतरून पुन्हा दुसरी पकडायची. खोली बघायला सकाळी नका जाऊ, मे महिन्यात दुपारी चार वाजता बघितली की खरी खोली कळते असं घरमालक कधी सांगत नाही, वरच्या मजल्याची असेल तर कूलर बसेल का आणि पाणी किती वाजता येते हे दोन प्रश्न आधी विचारा.

पब ॲडसाठी क्लास लावू का?

एमएसाठी अजिबात नाही. जुने पेपर लायब्ररीत मिळतात, इग्नूची पुस्तकं फुकट आहेत, सर-मॅडम केबिनमध्ये असतात आणि कुणी विचारायला आलं तर त्यांना उलट बरंच वाटते. ऑप्शनलसाठी टेस्ट सिरीज लावा, उत्तर तपासून देणारा माणूस पाहिजे म्हणून, पूर्ण क्लास नाही. बाकी राहिलेले प्रश्न मेसेजवर विचारा, फक्त नाव, गाव आणि पदवी कशात झाली तेवढं आधी लिहा.